आभाळाकडं न बघणारी वाडी

नाय भाऊ, इथं नका उभी करू ती दुर्बीण. जागेचं काय नाय, अंगण आमचंच आहे, शाळेतल्या बाईंनी तुमाला सांगितलं असंल की रत्नाअक्काच्या दारात लई मोकळी जागा आहे, ती आहेच — पण जरा वर बघा. पत्रा. या भिंतीपासून पार गोठ्यापर्यंत. आमच्या गेणूनं टाकून घेतला. गेणू म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्याच्याच घरात राहते मी. आन् पोरं येणार नायती. बाई म्हणल्या असतील सगळी येतील म्हणून, त्या जुन्नरवरनं येतात, त्यांना काय ठाऊक. दिवस मावळला की या वाडीतलं कोणी उघड्यावर थांबत नाय. बिबट्याचं भ्या? बिबट्या तर डिंगोऱ्यात पण आहे, मढात पण आहे, तिथली माणसं बसतात की बाहेर.

बसा, च्या घ्या. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं तुमाला.

मगाशी तुमी काय म्हणलात — जुन्या लोकांना आभाळातलं कळत नव्हतं म्हणून ते भुताखेतांवर घालायचे, ते पोरांना समजावून सांगायचंय. सांगा की. आमची आई, साळुबाई, तीच तसली व्हती. माळशेजच्या अंगाला डोंगरावर दिव्यांची ओळ दिसली की म्हणायची, वेताळाची पालखी निघाली. आन् मंग काय करायचं? तर हातातलं खाली ठेवायचं, खाली बसायचं, मातीकडं बघायचं, पालखी पुढं जाईस्तोवर. कोणाची, कुठं चालली, इचारायचं नाय. आमी पोरं बसायचो भुईवर नखानं रेघा मारत. आई म्हणायची, झालं, उठा. उठायचो, जेवायचो. आता खरं सांगा, खोटंच व्हतं ना ते? खोटंच. पण त्यानं कोणाचं काय गेलं? कोणाचंच नाय. मी लई दिवस हाच इचार करते.

मंग आलं ड्रोनचं साल. तुमच्याकडं पण आलं असंल पेपरात. जुन्नर, आंबेगाव, सगळीकडं तेच — आभाळात लाल-हिरव्या लाईटी फिरतात, घरघर आवाज येतो, घरावर येऊन थांबतात. पेरण्या झाल्या व्हत्या, भाताची रोपं टाकली व्हती. मी पण बघितल्या. नाय कशाला म्हणू? त्या गोठ्याच्या वर एक लाईट येऊन उभी राहिली व्हती, आन् म्हशी खुंट्याला हिसके द्यायला लागल्या. आई तवा अंथरुणाला खिळलेली. ती म्हणली, खाली बघा रे, जाईल ती. कोणी ऐकलं नाय. दादाभाऊ म्हणला — वरच्या आळीचा दादाभाऊ, पोलीस पाटलाच्या पुढं पुढं असतो — तो म्हणला, म्हातारे, जग कुठं गेलं, हे चोर आहेत, वरून घरं हेरतात, कुलपं बघतात आन् मंग माणसं पाठवतात. सगळ्यांना पटलं. मला पण पटलं. मोबाईलवर रोज नवीन यायचं, इथं दरोडा पडला, तिथं म्हातारीला मारली. खरं किती, खोटं किती, कोण बघतंय? माणसं काठ्या घेऊन फिरायला लागली. आमचा गेणू त्यात पुढं. मोठी बॅटरी व्हती त्याच्याकडं, पार ओढ्यापल्याड उजेड जायचा. तसा गरीब माणूस हो, कोंबडी कापायची तर दुसऱ्याला बोलवायचा. पण घरात म्हातारी आई, बायको, मी — त्याला वाटायचं, मी नाय बघितलं तर कोण बघणार.

एक दिवस पाऊस उघडला. दिवस नुकताच बुडाला व्हता, दिवेलागणीची वेळ. आन् डोंगराकडनं लाईटी निघाल्या — एकामागं एक, सरळ ओळीत, दोरीत ओवल्यावानी, आवाज नाय काय नाय. सगळी वाडी बाहेर. कोणीतरी ओरडलं, बांधावर बघा. तिकडं शिवेच्या बांधावर एक माणूस उभा. खांद्याला पिशवी, एक हात असा वर केलेला आन् हातात काहीतरी लकाकतंय. दादाभाऊ म्हणला, तो बघा, तोच चालवतोय.

भाऊ, त्या बांधावर सगळीच माणसं हात वर करून उभी राहतात. आमच्याकडं मोबाईलला तिथंच रेंज येती. मी पण जाते, माझ्या लेकीला फोन लावायचा तर. हे त्या टायमाला एकाच्या पण ध्यानात आलं नाय. एकाच्या पण.

माणसं निघाली. तो जागचा हलला नसता तर काय झालं असतं, सांगता येत नाय. पण एवढ्या काठ्या बघून कोण उभं राहील? तो पळाला. पिशवी टाकली आन् पळाला. गेणू सगळ्यात पुढं, त्याच्या बॅटरीचा उजेड त्या माणसाच्या अंगावर. त्या माणसानं मागं वळून बघितलं, डोळ्यावर उजेड आला, आन् पुढं दादाभाऊची जुनी विहीर — तिला कठडा नाय, पावसात गवत वाढलेलं, दिवसा पण कळायची नाय. कोणी हात लावला नाय त्याला. हे मात्र खरं आहे. पोलीस आले, त्यांनी लिहून नेलं की अंधारात पाय घसरून विहिरीत पडला आन् मेला. तसंच झालं व्हतं. खोटं कोणीच बोललं नाय, तेच तर आहे ना.

पिशवीत वायरी निघाल्या, पितळेचे बर्नर, पाने, रबरी नळी. दादाभाऊ म्हणला, बघा सामान. चार दिसांनी त्याची बायको आली, आंबेगावातल्या लोणीहून. चांगदेव नाव व्हतं त्याचं. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा गावोगाव. तिकडची कामं सरली म्हणून इकडं पहिल्यांदाच आला व्हता. ती बाई इथं, तुमी बसलात ना, तिथंच बसली व्हती. पाणी दिलं, प्याली. रडली नाय. म्हणली, त्यांचा मिस कॉल व्हता, मी भाकरी टाकत व्हते, मंग लावला तर लागला नाय. तुमच्यात कोणाच्या घरी शेगडी करायला चालले व्हते ते? आता काय सांगायचं? कोणाच्याच घरी नाय. दादाभाऊ पुढं झाला आन् म्हणला, पाय घसरला ताई. ती म्हणली, व्हय, सांगितलं मला. आन् पिशवी घेऊन गेली.

आन् लाईटी बंद झाल्या बघा. त्या दिसापासनं बंद. एक पण नाय. लोक म्हणले, झालं ना सिद्ध? तोच व्हता. शेगड्या-बिगड्या सगळं दाखवायला. दादाभाऊनं भैरोबाला नारळ फोडला. आता बंद झाल्या त्या कशानं? दुसऱ्याच दिशी आभाळ भरून आलं, पार गणपतीपर्यंत चांदणी दिसली नाय. पण ते मी आता म्हणते. तवा मला पण बरं वाटलं व्हतं. माणसाला बरं वाटायला काहीतरी लागतं ना? गेणूला तर लईच लागत व्हतं. तो सारखा म्हणायचा, अक्का, बंद झाल्या बघ, म्हणजे तोच व्हता. जेवताना तेच, म्हशीचं दूध काढताना तेच.

मंग दिवाळी झाली. भातं कापली, झोडणी चालू व्हती, खळ्यावर सगळी वाडी. आई तवा नव्हती, ती नवरात्रात गेली. आभाळ असं धुतल्यावानी स्वच्छ. दिवस बुडाला आन् डोंगरामागनं त्या निघाल्या. तशाच. एकामागं एक, दोरीत ओवलेल्या.

कोणी ओरडलं नाय. दादाभाऊच्या हातात भाताची पेंढी व्हती, त्यानं ती हळूच खाली ठेवली. मंग तो बसला. मंग बाकीचे. माणसं, बाया, सगळे भुईवर, माना खाली घालून. मी पण. आई सांगायची अगदी तसं, पण तवा आमी वेताळाला भ्यायचो. लाईटी डोक्यावरनं गेल्या असतील, आमी बघितलं नाय. कोणीतरी उठलं, मंग सगळे उठले, आन् झोडणी चालू. त्याच्यावर आजतागायत वाडीत कोणी बोललं नाय. गेणूनं त्याच आठवड्यात पत्र्याला माणूस सांगितला. दादाभाऊनं पण टाकला. जाताना बघा तुमी, घराघराला पत्रे दिसतील. इचारलं तर सांगतात, पावसाला.

गेणू आता मान वर करत नाय. दिवसा पण नाय. नारायणगावच्या डॉक्टरला दाखवलं, ते म्हणले मणक्याचं आहे, पट्टा घाला. पट्टा घातला. मणक्याचं काय नाय त्याच्या. एकदा मला म्हणला, अक्का, तो पळताना बोलला. मी म्हणलं, काय बोलला? म्हणला, दादा, शेगडी, शेगडी. मला ऐकू आलं व्हतं गं, मला शब्द पण कळला व्हता, पण पाय थांबंनात. हे त्यानं — हे मी तुमाला कशाला सांगत बसले. तुमी नका कुठं बोलू. त्याच्या बायकोला पण ठाऊक नाय.

तुमी मगाशी तो मोबाईल दाखवला ना, त्याच्यात त्या ओळी व्हत्या. इंटरनेटसाठी कंपनीनं वर सोडलेले उपग्रह, म्हणलात. दिवस बुडाला तरी तिकडं वर ऊन असतं, त्या उन्हानं चकाकतात. पार दुसऱ्या मुलखातनं सोडलेले. म्हणजे इथनं कोणी चालवत नाय. बांधावरनं तर नायच नाय. बरं. आन् तुमी म्हणलात, मागची कुठली पण तारीख टाका, त्या दिशी कुठनं कुठं गेले ते सगळं कळतं. पार दोन सालं मागचं पण? आषाढातलं? तारीख मला पाठ आहे. सांगू का? नाय, आपलं नुसतं बघायचं, माझ्यापुरतं. असंल नायतर नसंल. नसंल तर बरंच आहे, म्हणजे दुसरं काहीतरी व्हतं, म्हणजे मंग निदान —

नको. ठेवा तो मोबाईल. ठेवा म्हणते ना.

टाकलीत तुमी तारीख? शाळेतल्या बाईंनी सांगितली व्हय तुमाला? मंग मगासधरनं तुमाला ठाऊक आहे, आन् मी आपली बोलतेय. माझ्याकडं असं बघू नका, भाऊ. काय दिसलं ते सांगू नका. कळलं मला.

तो बघा, गेणू आला, गुरं घेऊन. पट्टा आहे ना, तोच. तुमची दुर्बीण पिशवीत घाला पटकन. गाडी शाळेपाशीच लावली आहे ना? मंग ओढ्याकडनं जा, बांधावरनं नको. आन् वाटेत त्यानं राम राम घातला, तर घाला. कशाला आलता म्हणून इचारलं, तर शेगडी... नाय, ते नको. तसलं काय नका सांगू. वाट चुकलो म्हणा.