पाच जिनिंग, एक डेटाबेस

(फुलसावंगी. दुपार. लखन पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. ढाणकीत, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या मालकांची बैठक आटोपून आत्ताच घरी आला आहे. बायको बबिता इथल्या उपकेंद्रात नर्स.)

बबिता : पाणी मंग प्या. पहिले सांगा, हो म्हणले का नाही?

लखन : म्हणले. पाचही जिनिंगचे शेठ हो म्हणले.

बबिता : माय गं! कालपावतो तं एकमेकाचं तोंड पाहत नव्हते!

लखन : तेच तं भेव होतं त्याइले. सगळ्याइचं एकाच डेटाबेसमंदी ठेवलं, तं आपला भाव शेजाऱ्याले दिसन म्हणे. मंग मी आपल्या लमाणांचं सांगतलं. पणजोबा एकाच तांड्यात पाच सावकारांचं मीठ नेत. गोणीगोणीवर ज्याची त्याची खूण. इथंबी तसंच. हरेक नोंदीवर ज्या त्या जिनिंगची खूण, शेठले फक्त आपल्याच खुणेचं दिसते.

बबिता : लमाणाचा पोरगा शेठलोकाइले पटवून आला म्हणा!

लखन : लय पटवाव नाही लागलं. कापसाले भाव नाही, आजूबाजूच्या अर्ध्या जिनिंगाइले कुलूप लागलं. अलग कॉम्प्युटर, अलग माणूस परवडते कोणाले आता?

बबिता : काम ढाणकीचं, मंग आता इकडंच नं तुम्ही? मी तं शेजारच्या इंदुताईले सांगूनबी टाकलं, आमचे हे कायमचे येऊन राह्यले म्हणून. ढाणकीत खोली पाहू. मी तिथून ड्युटीले येत जाईन.

लखन : पाणी दे.

बबिता : अजी, बोला नं.

लखन : पाचाइचं एका जागी ठेवलं, की पाच माणसं लागत नाही. एक पुरते. अन् त्या एकाले इथं बसायचं कामच नाही, पुण्यातून सगळं दिसते. आमचे पुण्याचे साहेब फोनवर म्हणे, लखन, कमाल केली, तिकडं माणूस ठेवायची गरजच नाही राह्यली.

बबिता : म्हणजे तुम्हीच आपल्या हातानं…

लखन : हो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

बबिता : थोडं कच्चं ठेवाव होतं! घडीघडी बिघडलं असतं, तं तुम्हाले यावंच लागलं असतं.

लखन : मन झालतं, खोटं कायले सांगू. पण एकाचा भाव दुसऱ्याले दिसला असता, तं अशा दिवसात तो जिनिंग बंदच पडला असता. तुझा भाऊबी त्याइच्यातल्याच एका जिनिंगात मजुरीले आहे नं.

बबिता : समजते मले. सगळं समजते. पण घरात जीव लागत नाही जी. एकटीसाठी भाकर थापायचाबी कंटाळा येते.

लखन : मले तरी तिथं कोण आहे? मेसचा डबा अन् चार भिंती. तुझी लय याद येते, बबिता.

बबिता : बरं, जाऊ द्या. दिवाळीले तं याल नं?

लखन : दिवाळीलेच तं पाचही जिनिंग सुरू होते. तवा मले पुण्यातून हलताच येत नाही.