सेवेले गेली अन् लाँचमंदी बसली

"हॅलो?… हॅलो, कोन?… अवं जोरानं बोल ना… हां, रीता! बोल, बोल."

रंभाबाईनं गॅस बारीक केला, फोन मान वाकडी करून खांद्यात धरला आणि आधी खिडकीतून अंगणात डोकावून पाहिलं. तिचा नवरा गुणवंतराव बाजेवर बसून वाळत घातलेल्या मिरच्यांवरून कोंबड्या हाकलत होता. मग तिनं आवाज खाली आणला.

"नाई, बाहेर आहेत तुह्ये भाऊजी… बोलता येते. पन हळू बोलतो, तू कान देऊन ऐक… आवाजाले काय झालं म्हंते? अवं, माह्यं बोलनंच बंद व्हाची पाळी आली. संध्याकाळी सत्कार आहे माह्या!… सत्कार! स-त्का-र!… मुंबईले सेवा करून आली म्हणून. इथीच, पोंभुर्ण्यात, समाजभवनात. यायनंच, तुह्या भाऊजीनंच ठरवलं. शाल देनार, नारळ देनार, आन मले भाषण द्या लागते… कशावर? 'निःस्वार्थ सेवा'… हासू नको… रीता, हासू नको म्हणतो ना!"

पण पलीकडे धाकटी बहीण रीता आरमोरीत बसून हसतच होती. कारण सगळ्या गोतावळ्यात खरं काय ते तिला एकटीलाच थोडंसं कळलं होतं, आणि उरलेलं ऐकायलाच तिनं फोन केला होता.

गोष्ट अशी, की गडचिरोलीची एक संस्था दर महिन्याला चार बायांना पंधरा दिवसांसाठी मुंबईला नेत असे. तिथल्या एका मोठ्या दवाखान्याशेजारच्या धर्मशाळेत भामरागड-एटापल्लीकडचे पेशंट राहायचे. त्यांना ना धड हिंदी येई, ना मराठी. रंभाबाईची सगळी नोकरी आलापल्लीकडच्या अंगणवाडीत गेलेली, गोंडी तिच्या जिभेवर. म्हणून तिला बोलावणं आलं. बल्लारशाच्या फलाटावर गुणवंतरावांनी बॅग हातात देताना बजावलं होतं, "सेवेले चालली तं सेवाच करजो. सेवेच्या नावावर फिराले जानारे लोक मले अजिबात आवडत नाई." रंभाबाईनं मान हलवली होती. परत आल्यावर गुणवंतरावांनी चौकात, पिठाच्या चक्कीवर, न्हाव्याच्या दुकानात सांगितलं होतं, की आमच्या बाईनं पंधरा दिवसांत समुद्रसुद्धा पाहिला नाही.

"…हो वं, पाह्यला! नुसता पाह्यला नाई, रीता, आरपार… थांब. थांब, आले वाटते."

गुणवंतराव दारात उभे होते.

"…हो, हो… पहाटेच उठाचं… पेशंटच्या नंबराच्या लाइनीत उभं राहाचं… डॉक्टर काय म्हंते ते पेशंटले गोंडीत सांगाचं… लई सेवा, बाई, लई सेवा…"

"रीता होय काय?" गुणवंतरावांनी माठातलं पाणी घेतलं. "तिले सांग, समुद्र बी नाई पाह्यला म्हना."

"हे म्हणून राह्यले, समुद्र बी नाई पाह्यला… हो ना. नाईच पाह्यला. टाइमच कुठी होता?… रीता, तुले खोकला झाला काय? पानी पे."

"आन रविवारी काय करत होत्या तुम्ही बाया?" गुणवंतरावांनी सहज विचारलं.

"रविवारी?… रविवारी भांडे घासत होतो."

"दिवसभर?"

"मोठे मोठे गंज होते."

"हं." गुणवंतराव एक घोट प्यायले. "ते ताजमहाल हॉटेल मुंबईलेच आहे ना? दवाखान्यापासून लई दूर पडते काय?"

"मले काय मालूम?" रंभाबाईनं कढईत सराटा खणखण वाजवला. "मी काय हॉटेलात जेवाले गेली होती? तुमच्या कोंबड्या बसल्या पाहा मिरच्यांवर!"

गुणवंतराव पाण्याचा गिलास तसाच हातात घेऊन बाहेर गेले.

"गेले… पाह्यलं? दोन दिवस झाले, असेच विचारून राह्यले. काल म्हंते, मुंबईले बंदर असतेत काय? मी म्हटलं बंदर म्हंजे जहाजाचं का झाडावरचं? तं म्हंते, दोन्ही… मले नाई समजत काऊन विचारतेत. कोनाले तरी संशय आला असन… तू नाई ना सांगितलं?… शपथ?… बरं."

तिनं ओट्याला पाठ टेकली.

"आता ऐक. रविवारी सुट्टीच राहे आमाले. स्वातीमॅडम आहे ना, तिथली मुख्य, तेच म्हंते, काकू, इतक्या दूर आल्या तं मुंबई पाहून घ्या. मंग मी काय गंज घासत बसू?… तेच तं! लुगडं बदललं, पावडर लावली, निंगाली. तं पायरीवर मंगली बसून… मंगली वं. माडिया बाई. भामरागडच्या पुढचं गाव. तिच्या नवऱ्याले, लालसूले, जबड्याचा कॅन्सर… खर्रा, तंबाखू-सुपारीचा. दुसरं काय… हो ना, खाऊन खाऊन. डॉक्टर म्हंते, ऑपरेशन केलं तं वाचते. पन हा गडी भिताडाकडे तोंड करून झोपला. सही करत नाई, नीट जेवत नाई. एकच म्हंते, मले घरी घेऊन चाल. आन चार दिवसांपासून तं ते बी म्हनेना. मुकाच झाला… मंगली काय करन, बिचारी! दोन महिने झाले येऊन. धर्मशाळा ते दवाखाना, दवाखाना ते धर्मशाळा. मुंबई म्हंजे तिले तेवढा एक रस्ता… हो. मले नाई पाहवलं. म्हटलं, चाल. लालसू झोपला आहे, घंटाभरात येऊ."

"…नाई, परवानगी कायची! पेशंटच्या मानसाले बाहेर न्याले मनाई होती. स्वातीमॅडमले सांगितलं, औषध आनाले चाललो… हो, खोटंच. तिथी बी खोटं, इथी बी खोटं. आता अजून भाषण बाकी आहे!"

ती स्वतःच खुदकन हसली आणि पदर तोंडावर धरला.

"गेलो आमी. समुद्राजवळ ते मोठी दगडी कमान आहे, टीव्हीत दाखवतेत ते. तिथी लाँचा उभ्या. एक मानूस ओरडून राह्यला, चला, चला, चला! म्हटलं, एक चक्कर मारून आनत असन, आपल्या मार्कंड्याच्या जत्रेतल्या पाळन्यासारखं. बसलो दोघीबी… अवं ऐक तं! लाँच निंगाली. मस्त हवा. बगळे नाई, दुसरेच पक्षी, पांढरे, मांगंमांगं. मी म्हटलं, आता वळन… आता वळन… वळेच ना! मुंबई बारीक बारीक झाली. मी त्या मानसाले म्हटलं, भाऊ, झालं आमचं पाहून, फिरवा आता. तं तो म्हंते, मावशी, हे घारापुरीले चालली… बेट आहे वं. समुद्राच्या मधात. घंटाभर जाले, घंटाभर याले… हासते काय? माह्ये हातपाय गार पडले होते! फोनले रेंज नाई. लालसू उठला तं? काही झालं तं? मी एका बाईले तिच्या नवऱ्यापासून उचलून आनलं, आन पाठीमांगं काही कमीजास्त झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

त्या दिवशी लाकडी बाकावर बसून तिनं आठवतील तेवढ्या देवांची नावं घेतली होती, आणि सगळ्यात जास्त भीती तिला मंगलीच्या शांत चेहऱ्याची वाटली होती.

"…ते? ते नाई भेली. ते कठड्यावर हनुवटी ठेवून पाहून राह्यली. डोळे नाई हालवले. मी रडकुंडीले आली, आन ते मलेच म्हंते, बाई, याले दुसरा काठ कोनत्या बाजूनं आहे?… मी म्हटलं, नाई वं, याले काठच नाई. तं हासली. पहिल्यांदा हासली, रीता. म्हंते, असं कुठी राह्यते काय!"

"…बेटावर? गुफा आहेत म्हंते. आमी नाई पाह्यल्या. कोन पाहते! मी वापस जानाऱ्या लाँचची वाट पाहत उभी. तेवढ्यात एक साहेब आला, गॉगल, हाफपँट, हातात थंड्याची बॉटल. झाडावरून बंदर उतरला, बॉटल हिसकली, झाकन फिरवून उघडलं आन साहेबासमोरच बसून पेला. सारा पेला! मंग रिकामी बॉटल साहेबाकडं फेकली… खरंच! मंगली हासून हासून खालीच बसली. मी बी. बायको बी हासली साहेबाची. आन मंग मंगलीले दिसलं चिंचेचं झाड. बस! पदर खोचला आन लागली येचाले. म्हटलं, कोन खानार इतक्या? तं म्हंते, पडल्या आहेत, सोडाच्या कशा?… अवं त्या दोन महिन्यांत तिच्या हाताले कामच नव्हतं काही. तिचा चेहराच बदलला."

बाहेर कोंबड्यांचा आवाज थांबला होता. रंभाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"…तेच सांगून राह्यली ना. आलो वापस. दुपार टळली. दारात स्वातीमॅडम. कंबरेवर हात. 'काकू, औषध आणलं?' आन माह्या पिशवीत पाच किलो चिंचा!… म्हटलं ना मी. म्हटलं, मॅडम, झाडपाल्याचं आहे… नाई हासली. ते म्हंते, लालसू घंटाभरापासून मंगली कुठी, मंगली कुठी विचारून राह्यला… विचारून राह्यला, रीता! चार दिवसांचा मुका! मी पळतच आत गेली. तं तो बसला होता. भिताडाले पाठ देऊन. मंगलीवर भडकला. कुठी गेली होती? आन मंगली सुरू झाली गोंडीत… लाँच, साहेब, बंदर, सारं. बंदर कसा पेला, ते करून दाखवलं तिनं. लालसू हासला आन जबडा धरून बसला. हासलं की दुखे त्याले, आन दुखलं तरी हासे."

"…मंग तिनं सांगितलं, त्या पान्याले दुसरा काठ नाई म्हणून. तं हा गडी चिडला! डोंगा वल्हवनारा मानूस, नदीवर जल्म गेला. म्हंते, काठ नाई असं पानीच नसते. तुले दिसला नाई, धुकं असन. ते म्हंते, नाईच. तो म्हंते, आहेच. अख्खी धर्मशाळा जमली! शेवटी तो म्हंते, चाल, आत्ता दाखव. आन माह्या तोंडातून निंगून गेलं… मी म्हटलं, दादा, आधी ऑपरेशन कर, मंग मी स्वतः नेतो तुले, तूच काठ शोधून दे… हो. दुसऱ्या दिवशी सही केली त्यानं. बायकोले खोटं पाडाले!"

रंभाबाईनं डोळे पुसले. तिच्या मनात तेव्हापासून एक काटा होता, तो आता बहिणीपुढे निघाला.

"पन माह्ये पंधरा दिवस सरले, रीता. मी आली इकडं. शब्द देऊन आली आन आता कसं जाऊ? यायले काय सांगू? यायले वाटते, मी समुद्र बी नाई… "

"सहीचा अंगठा नाई, नाव लिहिलं त्यानं," मागून आवाज आला. "लालसू सहावी शिकला आहे."

रंभाबाई गर्रकन वळली. गुणवंतराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. किती वेळापासून, देव जाणे. गिलासातलं पाणी संपलेलं होतं.

"…हॅलो, रीता, थांब… अवो, तुमाले लालसू कसा मालूम?"

"त्याचा फोन आला होता परवा. घरचा नंबर म्हणून माह्याच नंबर देऊन आली ना तू मंगलीपाशी? अर्धा घंटा बोललो गोंडीत. आलापल्लीच्या डेपोत होतो, तवापासून इतका कोनाशी बोललो नव्हतो." गुणवंतरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बंदर आवडला मले."

"…रीता, यायले सारं मालूम आहे वं! परवापासून!… मंग दोन दिवस काऊन विचारत होते, ताजमहाल कुठी, बंदर कोनते म्हणून?"

"पाहत होतो, तुह्यं खोटं आखरी कुठवर जाते ते."

"आन तो सत्कार?" रंभाबाई फोन विसरून ओरडली. "माह्यं भाषण?"

"कायचा सत्कार? समाजभवनात आज लग्न आहे."

फोनमधून रीताच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू आला. रंभाबाईनं सराटा उगारला. सकाळपासून 'निःस्वार्थ' हा शब्द तिनं शंभरदा घोकला होता. तिला राग आला, हसू आलं, आणि दोन्हींच्या आधी छातीवरचा धोंडा उतरला.

"…हॅलो… हो, हो, ऐकून राह्यली… काय म्हणू यायले? तूच सांग!"

"मंगळवारी ऑपरेशन आहे त्याचं," गुणवंतराव म्हणाले, आता नुसतं सांगावं तसं. "मी त्याले म्हटलं, बरा हो, मंग आम्ही दोघं येतो. संस्थेच्या लोकायले बी फोन केला. म्हंते, गोंडी येनारा गडीमानूस असन तं आमाले पायजेच." मग घसा खाकरून म्हणाले, "सेवेलेच जाऊ. फिराचं-बिराचं नंतर पाहू."

"…रीता, ऐकलं काय?… हो… हो वं, दोघं… नाई, मी नाई रडून राह्यली, मिरच्या आहेत इथी…"

गुणवंतरावांनी रिकामा गिलास ओट्यावर ठेवला. जायला वळले, दोन पावलं गेले, परत आले. फोनकडे एकदा पाहिलं आणि रीताला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, रंभाबाईच्या कानाशी वाकून विचारलं,

"काय वो… लाँचमंदी बसलं तं उलटी होते काय?"

रंभाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिला काही विचारायला असा कधी वाकला नव्हता.

"हॅलो?… हॅलो, रीता?… आवाज नाई येऊन राह्यला तुह्या… रेंज गेली वाटते… हॅलो?…"

आवाज अगदी स्वच्छ येत होता. रंभाबाईनं लाल बटण दाबलं.