फाळक्यावर लागलेला नंबर

चित्रकार होनं काही सोपं नाही, राजेहो. त्या वर्षी कापसाले भाव नव्हता, अन् दिग्रसच्या खरेदी केंद्रावर ट्रॉल्यायची ही लांब रांग. नंबर लागेपर्यंत मुक्काम तिथंच. टाइम जाये नाही म्हणून माह्ये काका रोज सकाळी एक शब्द देत, अन् मी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर खडूनं त्याचं चित्र काढो. बिडी झाली, झोपलेला हमाल झाला, काकूच्या हातची भाकर झाली.

एक दिवस काका म्हणे, "आज आपला नंबर लागला, असं काढ."

मी वजनकाटा काढला, त्याच्यावर आपली ट्रॉली काढली. रांगेतले सारे पाहाले जमा झाले.

काका म्हणे, "मले काहून नाही काढलं?"

काढलं.

"मिशी बारीक झाली."

जाड केली.

"आता हासून राह्यलो, असं दाखव."

ते दाखवेपर्यंत गेटवाला आला. "तुमचा नंबर कवाच पुकारला. कोणीच आलं नाही. मागचा पुढं गेला. आता तुमी रांगेच्या शेवटी लागा."

काकानं ट्रॉली वळवून रांगेच्या शेवटी नेऊन लावली. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत इचारलं, "काका, आज काय काढू?"

"कान."

मी माह्ये दोन कान काढले. काकानं निरखून पाहिलं, म्हणे, "बाजूले माह्ये बी काढ."