राँग नंबरवरची भरती

बंद करा म्हणताय? करा की! खुर्ची तुमची, कंपनी तुमची — पण साहेब, फसवणूक हा शब्द आधी मागे घ्या. फसवणूक कसली? तक्रारी ऐकायला इंटर्न हवेत आपल्याला, बिघडलेल्या फ्रीजवाल्यांच्या शिव्या खायच्यात त्यांनी दिवसभर — आणि अर्जात कोण लिहितं हो, मी चिडका आहे म्हणून? सगळेच शांत, सगळेच मनमिळाऊ! म्हणून मुलाखतीआधी मी एकेकाला फोन लावते — गालात पेपरमिंटची गोळी धरली की झाला म्हातारीचा आवाज — आणि विचारते, डॉक्टरांचा दवाखाना ना हा? फोन आपटला, की अर्ज बाजूला. ‘आजी, नंबर चुकलाय, चष्मा लावून बघा बरं’ म्हणाला, की त्याला बोलावणं. संपलं! आणि तुमची ती कॉम्प्युटरवरची चाचणी — ग्राहक रागावल्यास काय कराल, चारपैकी एक निवडा — अहो, चारपैकी एक तर माझा नवरासुद्धा बरोबर निवडेल, आणि तो कुंपणावरून शेजाऱ्यांच्या अंगावर धावून जातो!

फसवणूक म्हणे. जाहिरातीत ‘घरच्यासारखं वातावरण’ छापता, ते काय मग? बघा, हसलात.

माझ्या पद्धतीनं घेतलेलं एकही पोर पळून गेलेलं नाही. हिरे सापडतात, साहेब, हिरे! एक मुलगी तर अशी — काय सांगू — मी दवाखाना विचारला, तर म्हणते, ‘आजी, जेवलात का? रिकाम्या पोटी गोळ्या घेऊ नका हं.’ पुढच्या वेळी तर — हो, पुढच्या वेळी. केला परत. खात्री नको करून घ्यायला? बरं, दर आठवड्याला करते, मग? अर्ज? नाही... तिचा अर्ज नाही आलेला. ती कशाला येतेय इथे! माझा खरा आवाज ऐकला की ‘आई, पुन्हा लावू नकोस’ म्हणून ठेवून देते. तिनं शिक्षण अर्धवट सोडलं तेव्हा बोलले मी चार शब्द, आजही तेच बोलेन! पण परक्या म्हातारीशी कशी बोलते, ऐकायला हवं तुम्ही. माझ्याच पोटची, आणि ती इतकी मऊ बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. गेल्या वेळी म्हणाली, ‘आजी, तुमची मुलगी बघत नाही का तुमच्याकडे? तिचा नंबर द्या मला. मीच लावते तिला, चांगली रागावते.’ आता काय नंबर देणार होते मी? पाठ नाही गं, म्हटलं.

असं बघू नका माझ्याकडे. कीव नकोय मला. पद्धत चांगली आहे ती चांगलीच आहे. सोमवारपासून घ्या तुमची चाचणी, खुशाल घ्या — आज फोन अजून माझ्या टेबलावर आहे. उठा आता. आणि जाताना दार ओढून घ्या, तुमच्यासमोर मला तो आवाज काढता येणार नाही.