बॅटरी काढली होती, असं मामा म्हणाले

तुम्ही मला एक सांगा, एखादा वडीलधारा माणूस 'काढली' म्हणतो, तेव्हा ती वस्तू खरोखर निघालेली असावी, एवढी अपेक्षा धरणं हा अपराध आहे का? नाही ना? मग ऐका. माझे मामा... आईचे आणि मावशीचे धाकटे भाऊ, माझ्याहून वयानं आणि मानानं मोठे. त्यांच्याविषयी वावगं बोलू नये, हे मला शिकवलेलं आहे, मी ते पाळतेही. आज अपवाद करते. देव क्षमा करो.

तर मावशीकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. पडदा पोस्टकार्डाएवढा, खोकं तिजोरीएवढं, रंग दुधावरच्या सायीसारखा पिवळट. तो काकांचा. काका म्हणजे मावशीचे यजमान, ते आता नाहीत, पण जाण्यापूर्वी त्यांनी त्या यंत्रात स्वतःचा आवाज भरून ठेवला... हे नीट ऐका, सगळं यावरच आहे... रोज सकाळी ठरल्या वेळी ते खोकं काकांच्या आवाजात विचारायचं, "अगं, गोळी घेतलीस का?" रक्तदाबाची गोळी. आणि मावशी हात पुसत पुसत खोक्यासमोर यायची, "घेते हो," म्हणायची, आणि घ्यायची. डॉक्टरांनी सांगून घेतली नाही, लेकीनं रडून घेतली नाही, मी रागावून घेतली नाही. खोक्यानं विचारलं की निमूट.

मग घराला रंग द्यायचा ठरला आणि यंत्र मामांच्या माळ्यावर गेलं. तेव्हाच मी बजावलं होतं. मी तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, मला कळतं. म्हटलं, मामा, या यंत्रात एक घड्याळ असतं, वीज बंद असली तरी ते चालावं म्हणून आत छोटी बॅटरी असते, आणि ती तशीच पडून राहिली तर पाझरते, आणि पाझरलेलं पाणी तांबं खातं. तेवढी काढून ठेवा. मामा म्हणाले, "काढली. स्वतःच्या हातानं काढली." आता सांगा, 'स्वतःच्या हातानं' म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

रंग झाला, वाळला, एका कोपऱ्यात पोपडेही धरले, तरी यंत्र माळ्यावरच. 'येतंय ते' या आशेवर मावशी तेवढे दिवस गोळी घेत राहिली. मामांना वेळ नाही. आणि वेळ नाही हे सांगताना बघतात कशाकडे? मनगटाकडे. तिथं ते सोनेरी घड्याळ, निवृत्तीच्या वेळी ऑफिसनं दिलेलं. ते पाहिल्याशिवाय मामांचं एक वाक्य पुरं होत नाही. "या घड्याळानं आजवर मला खोटी वेळ सांगितली नाही हं." घड्याळानं सांगितली नाही, हे मी मान्य करते.

अखेर यंत्र आलं. सुरूच होईना. आणि मावशीनं गोळी सोडली... भांडण नाही, रुसवा नाही, शांतपणे म्हणाली, "ते विचारतील तेव्हा घेईन." दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, आता हयगय चालायची नाही. आणि मग बोलावणं कुणाला? मला.

जेवणाच्या टेबलावर यंत्र उघडलं. डावीकडे मावशी, मुठीत गोळ्यांचं पाकीट, न फोडलेलं. उजवीकडे मामा, सल्ले द्यायला. देवाचं नाव घेतलं, आतला बोर्ड बाहेर ओढला, आणि काय दिसलं? बॅटरी. जागच्या जागी, फुटलेली, भोवती हिरवानिळा लेप, जणू शेवाळं. बॅटरी काढली होती, असं मामा म्हणाले. मी मामांकडे पाहिलं. मामांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन असतील." दोन? म्हणजे एक काढायला आणि एक ठेवायला?

मी व्हिनेगर घेतलं, जुना दातांचा ब्रश घेतला आणि घासत बसले. तांब्याच्या रेषा केसाएवढ्या बारीक, त्यांतल्या कित्येक पार नाहीशा झालेल्या. भिंगाखाली धरून त्यांच्या जागी तारा जोडायच्या. सोल्डरिंगचं तापलेलं टोक क्षणभर जास्त टेकलं तर उरलेलं तांबंही उचकटून हातात येणार, आणि असा दुसरा बोर्ड मिळणार कुठून? श्वास रोखून एकेक तार... आणि कानाशी मामा, "थोडं डावीकडे घे. आमच्या ऑफिसात एक मशीन होतं..." मी तार खाली ठेवली. मावशी म्हणाली, "तू गप्प बस." मामा गप्प बसले. तारा लागल्या.

पण घड्याळाच्या चिपशेजारी तांदळाच्या दाण्याएवढी एक चंदेरी नळी असते. तिला क्रिस्टल म्हणतात. तिच्या ठेक्यावर घड्याळ चालतं. मी तिला नुसता चिमटा टेकवला आणि ती निखळून आली. दोन्ही पाय मुळापासून खाल्लेले. आणि हे यंत्र असं मानी, की घड्याळ चालल्याशिवाय जागंच होत नाही.

बॅटरी काढली होती, असं मामा म्हणाले. आता म्हणाले, "बाजारात मिळेल की. उद्या बघू."

"मी आजही घेतलेली नाही," मावशी म्हणाली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

मी खोटं बोलत नाही, आणि ठाऊक असलेलं लपवणं हेही मी खोटंच समजते. म्हणून एवढंच म्हटलं, की नेमका हाच क्रिस्टल सेलवर चालणाऱ्या साध्या मनगटी घड्याळातही असतो. कुणाच्या मनगटाकडे मी पाहिलं नाही. मावशीनं पाहिलं.

"काढ," ती म्हणाली.

"ताई, हे निवृत्तीचं..."

"बॅटरी काढली होतीस ना? तसंच हेही काढ. स्वतःच्या हातानं."

मामांनी काढलं.

घड्याळ उघडून मी त्यातला क्रिस्टल बोर्डावर बसवला. वीज जोडली, खटका दाबला. काळा पडदा... काळाच... मग पडदा राखाडी झाला. मी वेळ लावली, गोळीच्या वेळेच्या किंचित अलीकडची, आणि तिघंही थांबलो. खरखर झाली. मग काका म्हणाले, "अगं, गोळी घेतलीस का?"

"घेते हो," मावशी म्हणाली. पाकीट फोडलं. घेतली.

मामा म्हणाले, "ताई, नव्हती काढली."

"ठाऊक आहे."

मी म्हटलं, नवी बॅटरी लांब तारेवर टांगते, बोर्डापासून दूर, पुन्हा धोका नको. मावशी नको म्हणाली. ती झोपताना घराची मुख्य वीज बंद करते, काकांचीच शिस्त, तेव्हा बॅटरीशिवाय ते घड्याळ रोज सकाळी पुन्हा आरंभापासून सुरू होणार. "होऊ दे," ती म्हणाली. "हा येईल आणि वेळ लावेल. रोज, गोळीच्या आधी."

तेव्हापासून मामा रोज जातात. दाढी वाढलेली, पायात चपला, मनगटावर ते बंद घड्याळ, सवयीनं. आणि निघण्याआधी, अंधार असतानाच, मला फोन. "पोरी, वेळ सांग. अंदाजे नको, खरी." मी म्हणते, मामा, ज्या फोनवर बोलता त्याच्यावरच दिसते ना. तर म्हणतात, "तुझ्याकडून ऐकलेली बरी. ताई विचारते, कुणाला विचारून लावलीस."

तेव्हा शिक्षा झाली हो मामांना. पहाटे उठते मात्र मी.