ऐकण्यावरचं व्याख्यान

अरे, परवा आमच्या करमाडच्या काकूला घेऊन शहरात व्याख्यानाला गेलो. विषय होता मानसोपचाराचा पाया घालणारा एक परदेशी डॉक्टर. काका गेल्यापासून काकूचा मुलगा कुणाशी बोलत नाही, म्हणून ती मोठ्या आशेनं आलेली. वक्ता स्वतः समुपदेशक. पाणी प्यायलाही न थांबता दोन तास एकच सांगत होता, "पेशंटचं शेवटपर्यंत ऐका, हीच त्यांची शिकवण!"

मग काकू उठली. "साहेब, माझं पोरगं सहा महिने झाले..."

"डिप्रेशन!" वक्ता म्हणाला. "पुढचा प्रश्न?"

"अजून माझं सांगून झालं नाय."

"मावशी, वेळ नाही."

काकू बसली नाही. म्हणाली, "त्या डाक्टरनं ऐकायचं शिकवलं, त्या दिवशी तुमी दांडी मारली व्हती व्हय?"