मास्तर मैदानावर गेलेत

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, आणि दुसरीवर तंबू वाळत घातलाय — तू अशी इकडे ये, पलंगावर बस. ते दोर पायानं सरकव बाजूला, काही होत नाही त्यांना, ह्या घरात माणसांपेक्षा त्यांचीच बडदास्त जास्त. तुला अगंतुगं केलं तर चालेल ना? माझ्या सुनेच्या वयाची दिसतेस. मास्तरांनीच सांगितलं ना, घरी जाऊन बसा, मी येतो म्हणून? सगळ्यांना तेच सांगतात. मैदानावर गेले की मैदानाचे, मग घरी कोण येऊन बसलंय ह्याचं भान कुणाला! तर काय विचारत होतीस — पोरीला स्काउटच्या पथकात घालण्याआधी घरच्यांनी काय माहीत करून घ्यावं? आणि हे विचारायला आलीस मास्तरांकडे आणि सापडले कोण, तर मी. नशीब एकेकाचं. कुणाचं, ते मात्र विचारू नकोस.

बूट चांगले घे. गणवेश जुना चालतो, कुणाला ना कुणाला लहान झालेला असतोच — बूट मात्र दुसऱ्याचे नकोत, आणि नवे घेतलेस तर कॅम्पच्या आधी घरातल्या घरात घालून फिरव तिला, नाहीतर पहिल्याच चढणीला टाचा सोलून निघतात, मग पोर रडतं आणि मास्तर म्हणतात, स्काउट रडत नाही. टॉर्च दे, पाण्याची बाटली दे, मोज्यांवर दोऱ्यानं नाव घाल — का विचारतेस? अगं, येताना सगळ्यांचे ओले मोजे एकाच गाठोड्यात येतात आणि ते गाठोडं येतं ते थेट माझ्या मोरीत! बुजरी आहे म्हणालीस ना? घुमी? मग घालच. मी खोटं नाही बोलायची — खुलतात पोरं. उंबऱ्याबाहेर पाय न टाकणारी पोरं चूल पेटवायला शिकतात, अंधारात रस्ता काढायला शिकतात. ते काम ह्यांना येतं. दुसऱ्याचं पोर ह्यांच्या हातात द्यावं, सोनं करून देतील — दुसऱ्याचं.

घरच्यांनी काय करायचं? तुला सांगतील, आठवड्यातून एक तास फक्त. ऐकून घे आणि सोडून दे. एकदा तुझं नाव कळलं ना, की कॅम्पला भांडी पोचवायला तू, कुणाला ताप आला तर घेऊन यायला तू, पाहुणे येणार म्हणून खुर्च्या मांडायला तू. आणि पोरगी घरात दिवसभर एकच जप करणार — मास्तर म्हणाले, मास्तर म्हणाले. तू बोललेलं ह्या कानानं आत, त्या कानानं बाहेर, आणि तेच मास्तर बोलले की काळ्या दगडावरची रेघ. रोज एक चांगलं काम करायचं असतं स्काउटनं, आमच्या मास्तरांनीसुद्धा. ते करतात हं, अगदी मनापासून — शेजारणीची पिशवी जिन्यावरून चढवून देतील, आंधळ्याला रस्ता ओलांडून देतील, आणि घरी येऊन स्वतःचं ताट उचलणार नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी संसारभर झाडलाय, मला विचार.

तो? तो फोटो ना — तो माझा मुलगा. एकुलता एक. हो, होता की पथकात, मास्तरांचाच मुलगा, न असून सांगतो कुणाला! अक्षरं गिरवायच्या आधी गाठी मारायला शिकला, ह्याच पलंगाच्या पायाला. तो स्कार्फ दिसतोय ना गळ्यात, तो गळ्यात घेऊनच झोपायचा, मी झोपेत काढायला गेले की मुठीत घट्ट धरायचा. बाप म्हणजे देव. आणि देव कसा — तर स्वतःचा मुलगा आहे म्हणून त्याला कणभर जास्त मिळता कामा नये. जास्तीचं सोड गं, बरोबरीनंसुद्धा मिळेना. गळका तंबू कुणाला? ह्याला. करपलेलं पातेलं कुणी घासायचं? ह्यानं. नायक निवडायची वेळ आली, नायक म्हणजे पोरांचा म्होरक्या, तर सगळी पोरं म्हणाली, मास्तर, तुमचाच करा, त्याला सगळं येतं — आणि ह्यांनी केला कुणाला, तर बेकरीवाल्याच्या मुलाला. चांगला होता तो, गुणी होता, मी नावं नाही ठेवत. पण जेवताना मी विचारलं, अहो, काय कमी होतं आपल्या मुलात? तर म्हणाले, "लोक काय म्हणतील? मास्तरानं स्वतःचंच घोडं पुढं दामटलं?" आणि पोरगं मलाच म्हणतंय, "बाबांचं बरोबर आहे गं आई, तू नको मधे बोलूस." घे! मी पुढ्यातलं ताट बघत बसले.

मग तो नदीवरचा कॅम्प. तू घाबरू नकोस, आता नाही नेत तिकडे, आता टेकडीवर नेतात. तर बेकरीवाल्याचा मुलगा, नायक म्हणून पुढे, खडकावरून सटकला तो सरळ धारेत. पोरं ओरडतायत, हे पलीकडच्या काठाला तंबू उभारतायत — आणि आमच्यानं बुटांसकट उडी घेतली. कसं काढलं त्याला देव जाणे, दोघं खाली वाहत गेले, एका झाडाच्या मुळाला धरून राहिले, पोरांनी दोर टाकला तेव्हा वर आले. ह्याचं कोपर फुटलेलं, त्याच्या पोटात पाणी — पण जिवंत, दोघंही जिवंत. बेकरीवाला कामावरून तसाच धावत आला होता आमच्या दारात, हात पिठाचे, माझे दोन्ही हात धरून नुसता रडला. माझ्या बाह्यांना पीठ लागलं होतं, मी झटकलं नाही गं बराच वेळ. वाटलं, हे माझ्या मुलानं मिळवलंय.

मग वरून मोठे साहेब आले, कौतुक करायला. मैदानावर खुर्च्या, खुर्च्यांवर आईबाप, पोरं रांगेत. मी त्याचा गणवेश इस्त्री केला होता, दोनदा केला, घडी मनासारखी पडेना. साहेब चांगलं बोलले, आणि मग म्हणाले, "पाण्यात उडी मारली तो मुलगा कोण? पुढे ये बाळ." आणि मी बघतेय — माझ्या मुलानं एक पाय उचलला. उचलला, अन् हे मधेच म्हणाले, अगदी नम्रपणे, "साहेब, आमच्या पथकानं काढलं त्याला. आमच्यात एकटा असा कुणी नसतो." काय टाळ्या! साहेब तर भारावले, ह्यांचा हात हातात घेऊन उभे. आणि पथकाची ढाल पथकाच्या वतीनं घेतो कोण? नायक. म्हणजे बुडणाऱ्यानं ढाल घेतली आणि काढणारा रांगेत उभा राहून टाळ्या वाजवतोय. तो उचललेला पाय त्यानं परत खाली ठेवला. हळूच. शेजारच्यालासुद्धा कळलं नसेल. मी आयुष्यात पुष्कळ बघितलं, माझी माणसं गेलेली बघितली — पण तो पाय —

नको, पाणी नको. बस.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, मीच होतो ना?" तर हे काय म्हणाले असतील? म्हणाले, "तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आणखी कुणाला कशाला माहीत असायला हवं?" बघ, ऐकायला किती छान आहे. तुझ्याही अंगावर काटा आला असेल. पण तो पोरगा होता गं! पोराला आणखी कुणीतरी लागतं. त्यानं स्कार्फ काढला, त्या टेबलावर ठेवला, आणि परत मैदानावर गेला नाही. भांडण नाही, तंटा नाही. ह्यांनीही विचारलं नाही — स्वतःहून येईल म्हणाले. आला नाही. शिकला, नोकरी लागली ती लांब, लग्न केलं तिकडेच. फोन करतो, मला करतो, आणि नेमका कधी? हे मैदानावर असतात तेव्हा. तिथल्या पोरांच्या शिट्ट्या ऐकू येत असतात खिडकीतून आणि इकडे तो म्हणतो, आई, बरी आहेस ना.

आणि गंमत सांगू? नको, जाऊ दे. — नाही, सांगतेच, तू काय, परकी, आज आलीस. तो पथक चालवतो. हो, माझा मुलगा! तिकडे, त्याच्या गावात, मास्तर म्हणतात त्याला पोरं. मला त्यानं नाही सांगितलं, नातीनं सांगितलं. परवा तिनं बापाच्या हातातून फोन घेतला आणि रडायलाच लागली — "आजी, मला सगळ्या गाठी येतात, सगळ्यांच्या आधी येतात, तरी बाबांनी मला नायक नाही केलं. म्हणतात, लोक काय म्हणतील." ऐकलंस? शब्द न् शब्द तेच. मी म्हटलं, दे बाबाला. म्हटलं, अरे, तू? तूसुद्धा? सगळ्या जगात तू? तर म्हणतो, "आई, मैदानावर सगळी पोरं सारखी." आवाजसुद्धा तोच गं, अगदी तोच, मला वाटलं हेच बोलतायत. मी फोन ठेवून दिला. पहिल्यांदा मी ठेवला. खाण तशी माती, दुसरं काय.

ह्यांना? ह्यांना नाही सांगितलं. आणि सांगणारही नाही. का म्हणजे! सांगितलं तर म्हातारा उड्या मारील ह्या दुखऱ्या गुडघ्यांवर! म्हणेल, बघ, मी बरोबर होतो, माझाच गुण घेतला पोरानं. तेवढं सुख मी नाही देणार. ह्यांना वाटतं, पोरानं सगळं टाकून दिलं, त्याला शिट्टीचा आवाजसुद्धा सहन होत नसेल. वाटू दे. एकदा संध्याकाळी, तू बसलीस ना तिथेच बसून, दोर गुंडाळता गुंडाळता हात थांबले ह्यांचे, आणि मला म्हणाले, "मी त्याचं मन मारलं का गं?" ह्या माणसानं, ज्यानं जन्मात मला कधी काही विचारलं नाही. एक शब्द बोलले असते ना मी — अहो, तुमचा मुलगा मास्तर झालाय, तुमच्याच गाठी शिकवतोय पोरांना — एवढं एक वाक्य, आणि त्यांच्या छातीवरचा दगड उतरला असता. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, दिवा लावते, अंधारलंय. आणि आत गेले. आत जाऊन रडले की हसले, ते मलाच — तू अशी बघू नकोस माझ्याकडे. तुझ्यावर अजून ही वेळ आलेली नाही. तुझ्या पोरीनं उचललेला पाय खाली ठेवलेला तू अजून बघितला नाहीस. घाल तिला पथकात, खुशाल घाल, चांगलं आहे, मी म्हणतेय ना चांगलं आहे — फक्त तिथे गेल्यावर एवढं बघ, की —

थांब. फाटक वाजलं.

हे बघ, आत्ता बोलले ते ह्या भिंतींतच राहू दे. तुझ्या नवऱ्यालासुद्धा नाही सांगायचं. ऐकतेस ना? डोळे पूस आधी, तुला कशाला पाणी आलंय डोळ्यांत, तुझा काय संबंध!

— आलात? सावकाश, तिथे दोर पडलाय, अडकाल. ह्या? ह्या मुलीला पथकात घालायचं म्हणून आल्या होत्या. सांगितलं की मी सगळं. नाही, त्यांना आता काही विचारायचं नाहीये. निघाल्याच आहेत त्या. — या हं तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.